संगणक अभियांत्रिकीचे तिसरे सत्र, फी भरून अनुभवलेले

पुण्यातील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या दुसऱ्या वर्षाचे पहिले सत्र, म्हणजे एकूणातले तिसरे सत्र, मी नुकतेच पूर्ण केले. मेस लावायची असो की कॉट बेसिसवर खोली घ्यायची असो, आपण चार ठिकाणी चौकशी करतो आणि आधीच्यांचे अभिप्राय वाचतो. मात्र त्या दोन्हींच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा मोठी रक्कम जिथे भरतो, त्या अभ्यासक्रमाबद्दल सविस्तर लिहिलेले सहसा कुठे सापडत नाही. जे सापडते ते प्लेसमेंटबद्दल असते, कॅन्टीनबद्दल असते, फार तर फेस्टबद्दल असते. म्हणून हा अभिप्राय केवळ शिकवण्याबद्दल आहे. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण इतर महाविद्यालयांतील माझ्या मैत्रिणींचे अनुभव ऐकले तर यातील बहुतेक तक्रारी केवळ एका इमारतीच्या नाहीत.

वाचणाऱ्याला माझी पार्श्वभूमी ठाऊक असावी. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण नारायणगावला मराठी माध्यमातून झाले. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे; प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० अँटेनांपैकी काही आम्हाला एसटीच्या खिडकीतूनही दिसत. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात तिथल्या एका शास्त्रज्ञांनी सांगितले होते की या सगळ्या अँटेनांनी पकडलेले संकेत संगणक एकत्र आणतो, तेव्हा कुठे चित्र तयार होते. संगणक शाखा घेण्याचे माझे कारण एवढेच होते, आणि पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घासताना ते जवळजवळ विसरायला झाले होते. तिसऱ्या सत्रात प्रथमच शाखेचे स्वतःचे विषय येतात, त्यामुळे अपेक्षा मोठी होती.

विषय पाच होते: डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, कॉम्प्युटर ग्राफिक्स आणि डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. लेखी परीक्षा ३० गुणांची इन-सेम आणि ७० गुणांची एंड-सेम. त्याशिवाय प्रॅक्टिकल, ओरल आणि टर्म वर्क. यातील टर्म वर्क म्हणजे व्यवहारात जर्नल. प्रत्येक प्रयोगाचा हाताने लिहिलेला राइट-अप, त्यामागे प्रोग्रॅमची प्रिंट, त्यामागे आउटपुटची प्रिंट आणि शेवटी सही. सबमिशनच्या आठवड्यात महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जी रांग लागते, ती पाहिली की आमच्या शाखेचे मुख्य उत्पादन कागद आहे असे कोणालाही वाटेल.

डेटा स्ट्रक्चर्सबद्दल सविस्तर लिहिते, कारण या सत्राचे बरेवाईट सर्व काही त्या एका विषयात मला भेटले. संगणकात माहिती कशी मांडून ठेवायची, हा या विषयाचा गाभा. विषय पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत शिकवला गेला. मॅडम उत्तम शिकवत असत; स्टॅक समजावताना त्यांनी मेसमधील ताटांची चळत आणि क्यू समजावताना स्वारगेटची रांग असली घासून गुळगुळीत झालेली उदाहरणे टाळली आणि थेट फळ्यावर मेमरीचे चौकोन काढले, हे मला विशेष आवडले. चौथ्या असाइनमेंटमध्ये दिलेला शब्द उलटसुलट वाचला असता सारखाच येतो का, हे तपासायचे होते. शाळेत याला विलोमपद म्हणतात. वर्गातील सर्वांनी इनपुट म्हणून 'मॅडम' हा शब्द इंग्रजी अक्षरांत दिला आणि उत्तर होकारार्थी आले. (देवनागरीत लिहिलेला 'मॅडम' विलोमपद नाही, हा भाग वेगळा.)

मी सहज 'नवीन' हा शब्द दिला. न-वी-न; दोन्हीकडून सारखाच. प्रोग्रॅमने नकार दिला. 'कडक' दिला, तर होकार आला. 'मध्यम' दिला, पुन्हा नकार. उलटलेला शब्द पडद्यावर छापून पाहिला, तेव्हा 'नवीन' चे 'नीवन' आणि 'मध्यम' चे 'मय्धम' झालेले दिसले. मग 'पुणे' उलटून पाहिले. 'णेपु' यायला हवे होते. आले ते असे, की सर्वांत आधी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली अनाथ मात्रा, मग 'णु', मग 'प'. आपण ज्याला एक अक्षर म्हणतो, त्याला संगणक एक अक्षर म्हणत नाही, हे मला त्या क्षणी कळले. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतील चिन्हांना संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, 'वी' म्हणजे आधी 'व' आणि नंतर दीर्घ वेलांटी, असे दोन स्वतंत्र संकेतांक असतात. 'ध्य' म्हणजे 'ध', हलन्त आणि 'य' असे तीन. बालवाडीत 'क्ष' हे एक अक्षर म्हणून गिरवले होते, त्याचेही प्रत्यक्षात 'क', हलन्त आणि 'ष' असे तीन तुकडे आहेत.

घरी येऊन हाच उद्योग सी-प्लस-प्लस या दुसऱ्या भाषेत केला, तर गोष्ट आणखी मजेदार झाली. तिथे 'पुणे' या शब्दाची लांबी १२ आली. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक साठवायला तीन बाइट लागतात, आणि सी-प्लस-प्लसचे साधे फंक्शन बाइट मोजते, म्हणून चार त्रिक बारा. ते बाइट जसेच्या तसे उलटले, की पडद्यावर प्रश्नचिन्हांचे चौकट उरतात. पायथन चार म्हणते, सी-प्लस-प्लस बारा म्हणते आणि पहिलीतले मूल दोन म्हणते. तिघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. डेटा स्ट्रक्चर या शब्दाचा अर्थ मला या तीन आकड्यांनी जेवढा समजावला, तेवढा संपूर्ण युनिट एकने समजावला नव्हता.

त्यानंतर दोन रात्री घालवून मी वीस-बावीस ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. नियम साधा होता: मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा हलन्त आला, तर तो आधीच्या गटाला जोडायचा, आणि आधीचा गट हलन्तावर संपत असेल, तर पुढचे व्यंजनही त्याच गटात घ्यायचे. मग गट उलटायचे, त्यांच्या आतल्या तुकड्यांना हात लावायचा नाही. 'नवीन' पास झाला, 'मध्यम' पास झाला. शेवटी शाळेतले 'ती होडी जाडी होती' मधल्या जागा काढून दिले आणि पडद्यावर होकार उमटला, तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते, खोलीतील दुसरी मुलगी झोपेतून उठून "काय झालं गं?" असे विचारू लागली.

हा राइट-अप जर्नलमध्ये लावला, तर परत आला. कारण असे, की सर्व विद्यार्थ्यांचे आउटपुट एकसारखे असावे लागते आणि असाइनमेंटमध्ये इनपुट इंग्रजीत अपेक्षित आहे. मॅडमनी हे थोड्या संकोचानेच सांगितले, त्यामुळे नियम त्यांचा नसावा असे वाटते. मी पुन्हा तोच ठरलेला शब्द दिला, प्रिंट काढली, सही घेतली. या प्रसंगात मला राग आला तो सहीचा नव्हे. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये स्वीकारली गेली, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या मसुद्यावरच बेतलेली आहे. संगणकावर भारतीय लिपी आणण्याचे मोठे काम सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या जिस्ट गटाने याच पुण्यात केले. गणेशखिंडीतून जाणाऱ्या बसने मी रोज त्या परिसरावरून जाते. असे असताना पुण्यातील मराठी मुलांना अक्षरांची साखळी शिकवताना मराठी अक्षर एकदाही वापरले जाऊ नये, याचे मला नवल वाटते.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हा विषय सी-प्लस-प्लसमध्ये होता. ब्यार्ने स्ट्रूस्ट्रूप यांनी या भाषेवर १९७९ मध्ये काम सुरू केले आणि तिचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. आमच्या प्रयोगशाळेतील निळ्या पडद्याचा कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे सॉफ्टवेअर, त्या प्रमाणीकरणाच्याही आधीचा आहे. परिणाम असा, की प्रयोगशाळेत हेडर फाइलच्या नावापुढे 'डॉट एच' लावावे लागते, आणि तोच प्रोग्रॅम खोलीवरच्या लॅपटॉपवर चालवला तर नवा कंपायलर अशी फाइलच नाही म्हणून हात वर करतो. त्यामुळे आम्ही प्रत्येक प्रोग्रॅमच्या दोन प्रती बाळगल्या: एक सहीसाठी, एक शिकण्यासाठी. इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम वगैरे संकल्पना सरांनी नीट शिकवल्या. पण आपण शिकतो ती भाषा जिवंत आहे, तिच्यात दर काही वर्षांनी बदल होतात, याचा पत्ताही लागू न देता सत्र संपले. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी या विषयाची काळजी करू नये. तुम्हाला तो निळा पडदा आमच्यापेक्षा चांगला माहीत असतो.

कॉम्प्युटर ग्राफिक्सचा अनुभव मिश्र आहे. पहिले दोन महिने केवळ रेषा आणि वर्तुळे काढण्यात गेले, आणि हल्ली हे सर्व ग्राफिक्स कार्ड करते मग आपण का करायचे, असा वर्गातील सार्वत्रिक सूर होता. मीही त्यात होते. मग ब्रेझनहॅम यांची पद्धत वहीत हाताने सोडवायला दिली. १९६२ मध्ये आयबीएममध्ये काम करत असताना प्लॉटरसाठी, म्हणजे कागदावर रेषा काढणाऱ्या यंत्रासाठी, त्यांनी ती तयार केली. तिरकी रेषा ठिपक्यांच्या जाळीवर काढताना पुढचा ठिपका सरळ घ्यायचा की एक घर वर, हे केवळ पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीवर ठरते. भागाकार नाही, अपूर्णांक नाही. शून्य-शून्यपासून आठ-तीनपर्यंतची रेषा काढली, तर उंची अनुक्रमे ०, ०, १, १, २, २, २, ३, ३ अशी येते. माझी आई दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढताना तिरकी रेघ नेमकी अशीच चालवते, दोन घरे सरळ, एक वर. तिला विचारले तर "डोळ्याला कळतं" एवढेच सांगते. डोळ्याला कळते ते बेरजेत कसे मांडायचे, हे त्या एका उदाहरणात सुंदर होते. उरलेले सत्र मात्र आयत्या फंक्शननी झोपडी, होडी आणि उगवता सूर्य काढण्यात संपले.

डिस्क्रीट मॅथेमॅटिक्सला प्रॅक्टिकल नाही, त्यामुळे जर्नलही नाही, आणि कदाचित म्हणूनच तो तास मोकळा असायचा. ग्राफ थिअरी सुरू करताना सरांनी प्रथेप्रमाणे कोनिग्झबर्गचे सात पूल सांगितले: नदीमुळे झालेले शहराचे चार भाग, आणि प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सर्व पूल फिरता येतील का हा प्रश्न. गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ मध्ये दाखवले की येणार नाहीत, कारण चारही भागांना जोडणाऱ्या पुलांची संख्या विषम आहे. एकाला पाच आणि बाकी तिघांना तीन-तीन. सुरुवातीचा आणि शेवटचा असे जास्तीत जास्त दोनच भाग विषम चालतात. एवढे सांगून सर थांबले आणि म्हणाले, "आता पुण्याचे करा."

पहिली पाच मिनिटे सर्वांनी पूल मोजायचा प्रयत्न केला. लकडी पूल, भिडे पूल, झेड ब्रिज, संगम पूल, बंडगार्डन. पादचारी पूल धरायचा की नाही, मेट्रोचा धरायचा की नाही, यावर वाद पेटला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पिंपरीपर्यंत मजल मारली, तेव्हा सरांनी पवना नदी वगळायला सांगितली. मग ते म्हणाले, पूल मोजूच नका, जमीन मोजा. मुळा आणि मुठा संगमावर मिळतात, म्हणजे शहराचे तीनच भाग होतात: दोन नद्यांच्या मधला शिवाजीनगर-डेक्कनचा, मुठेपलीकडचा पेठांचा आणि मुळेपलीकडचा येरवड्याचा. जमिनीचा प्रत्येक भाग म्हणजे एक बिंदू आणि प्रत्येक पूल म्हणजे एक रेषा धरली, की ग्राफ तयार होतो, आणि कोणत्याही ग्राफमध्ये विषम बिंदूंची, म्हणजे विषम रेषा जोडलेल्या बिंदूंची, संख्या नेहमी सम असते. तीन बिंदूंत ती शून्य असेल किंवा दोन. तीन होऊच शकत नाही. म्हणजे महापालिकेने आणखी कितीही पूल बांधले, तरी पुणेकराला सर्व पूल एकेकदाच ओलांडून फिरता येईल. वर्गात दोन क्षण कोणी बोलले नाही. मग मागून आवाज आला, "सर, ट्रॅफिक धरून का?" संपूर्ण सत्रातील हा सर्वांत चांगला तास होता आणि त्यावर परीक्षेत एकही प्रश्न आला नाही.

आता डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. हा विषय संगणकवाल्यांना कशाला, असे म्हणणारे बरेच भेटतील. त्यांचे ऐकू नये. जॉर्ज बूल यांनी तर्काचे बीजगणित १८५४ मध्ये मांडले (पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण, म्हणजे आजच्या सीओईपीची सुरुवात, त्याच वर्षी झाली, माझे महाविद्यालय ते नव्हे) आणि क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये आपल्या प्रबंधात ते बीजगणित स्विचच्या मंडलांना लावून दाखवले. पुस्तकात हे एका परिच्छेदात संपते. हातात ब्रेडबोर्ड, म्हणजे वायरी खोचून मंडल जोडायची भोकांची पाटी, आला की आठवडे लागतात.

आमच्या प्रयोगशाळेत तयार ट्रेनर किट आहेत, त्यांवर ठरलेल्या वायरी ठरलेल्या भोकांत घातल्या की ठरलेला दिवा लागतो. सरांनी मात्र मिनी प्रोजेक्टसाठी स्वतःचे सामान आणायला सांगितले, आणि आम्ही तिघीजणी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तापकीर गल्लीत गेलो. ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही, त्यांनी बुधवार पेठेतील त्या गर्दीत एकदा तरी जावे, यादी हातात धरून उभ्या असलेल्या मुलींकडे न पाहताच काउंटरमागच्या काकांनी "कॉलेजचं का? सेव्हन्टी-फोर डबल झिरो?" असे विचारले आणि आम्ही काही बोलण्याआधी पुडी बांधायला घेतली.

करायचा होता फुल ॲडर: तीन बिट घेऊन त्यांची बेरीज आणि हातचा देणारे मंडल. केवळ नँड गेट (दोन्ही इनपुट एक असतील तेव्हाच शून्य देणारे) वापरले तर तो नऊ गेटमध्ये बसतो. ७४०० या आयसीत, म्हणजे चिपमध्ये, चार नँड असतात, म्हणजे तीन आयसी. प्रत्येकाची १४ क्रमांकाची पिन पाच व्होल्टला आणि ७ क्रमांकाची ग्राउंडला. सर्व जोडणी झाल्यावर बेरजेचा एलईडी आठही ओळींत बरोबर लागला. हातच्याचा एकदाही लागला नाही. आम्ही तासभर वायरी तपासल्या, एलईडी उलटा करून पाहिला, आयसी बदलला, आकृती पुन्हा काढली. एक आणि एक आणि एक मिळून तीन होतात, हे सिद्ध करता येईना.

प्रयोगशाळेतील सहायकांना सर्व मामा म्हणतात. ते कपाटाला कुलूप लावायला आले होते. त्यांनी आकृतीकडे पाहिले नाही, फक्त बोर्ड उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "अगं, तिसऱ्याला लाइटच नाहीये. ही वरची लाल पट्टी मध्ये तुटलेली असते." काही ब्रेडबोर्डवर पुरवठ्याची पट्टी वरून सलग दिसली तरी निम्म्यात खंडित असते. आमचे दोन आयसी डाव्या अर्ध्यात होते, तिसरा उजव्या अर्ध्यात; नववा गेट, म्हणजे नेमका हातचा काढणारा गेट, त्या तिसऱ्यात. मामांनी खिशातून वायरीचे दोन तुकडे काढले, एक लाल पट्टीच्या खंडावर आणि एक निळ्या पट्टीच्या खंडावर बसवला, आणि हातच्याचा दिवा लागला. "मामा, तुम्हाला कसं कळलं?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "दरवर्षी तिघं-चौघं इथंच अडकतात." ही गोष्ट कोणत्याही राइट-अपमध्ये नाही, आणि मामांचे नाव वेळापत्रकात नाही.

ताऱ्यांत सांगायचे, तर मी या सत्राला पाचपैकी तीन तारे देते, आणि तेही समान वाटणीने नव्हे. शिकवणारे बहुतांशी चांगले आहेत. दोघे तर फारच चांगले. उणे गुण आहेत ते इनपुट ठरवून देणाऱ्या व्यवस्थेला. जिथे उत्तर आधीच ठाऊक होते, तिथे मी प्रिंट काढायला शिकले. जिथे कोणी चुकून आम्हाला आमचा शब्द, आमच्या नद्या किंवा आमचा ब्रेडबोर्ड आणू दिला, तिथे पैसे वसूल झाले. फीमध्ये प्रयोगशाळा शुल्क म्हणून वेगळी रक्कम घेतली जाते, ती निळ्या पडद्यापर्यंत अजून पोहोचलेली दिसत नाही. ग्रंथालय चांगले आहे, पण संदर्भ पुस्तकांच्या प्रती कमी; अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके मिळतात, तिथे ऑगस्टच्या आत जावे, नंतर केवळ प्रश्नसंच उरतात. ७५ टक्के हजेरीचा नियम कडक आहे आणि डिफॉल्टर यादीत नाव लागले की सहीसाठी होणारी पायपीट जर्नलपेक्षा मोठी असते.

मराठी माध्यमातून येणाऱ्यांसाठी दोन शब्द. व्याख्याने इंग्रजीत सुरू होतात आणि अडले की मराठीत येतात. ओरलला मात्र बाहेरचे परीक्षक असतात आणि पहिले वाक्य इंग्रजीत यावे लागते. माझ्या डेटा स्ट्रक्चर्सच्या ओरलला मी पहिल्या दोन उत्तरांत अडखळले. मग परीक्षकांनी जर्नल चाळले, त्या ठरलेल्या शब्दावर येऊन म्हणाले, "हाच शब्द आज सदतिसाव्यांदा बघतोय. दुसरा काही चालवलास का कधी?" लॅपटॉप सोबत होता. त्यांनी 'नवीन' पाहिला, मग स्वतः खुर्ची पुढे घेऊन एक जोडाक्षरांनी भरलेले आडनाव टाइप केले, उलटलेले रूप मोठ्याने वाचले आणि पुढचा प्रश्न मराठीत विचारला. गुण किती मिळाले ते निकालात विषयाच्या एकूण गुणांत मिसळून गेले आहे.

सत्र संपल्यावर जर्नल परत मिळत नाही. ते विभागाच्या कपाटात जाते, म्हणून स्वतःचे प्रोग्रॅम वेगळे ठेवावेत. सामान मात्र आपले आपल्याकडे राहते. माझा ब्रेडबोर्ड सध्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे आहे. मधल्या दोन वायरी काढू नकोस, एवढे तिला सांगितले आहे.